सड्यावरचा लायडार: धुक्यात हरवलेल्या नोंदींचं एक प्रकरण

हे प्रकरण साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका पठारावर घडलं, पवनचक्क्यांसाठी लेसरने वारा मोजणाऱ्या लायडार या यंत्राच्या नोंदींवरून. मालक कंपनी, सल्लागार गट, बँक आणि गाव यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि जागा ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. मी बँकेच्या बाजूने नोंदी तपासणारा होतो. त्यामुळे सल्लागार गटाची कागदपत्रं आणि त्यांच्यातली वादावादी, दोन्ही जवळून पाहता आली.

पार्श्वभूमी

चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे या पट्ट्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपासचे हे जांभ्याचे सडे. पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्यात कोसळणारा कडा आणि समोरून थेट अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा. त्या काळातल्या यंत्रांची क्षमता साडेतीनशे किलोवॅटच्या आतबाहेर, मनोरा साठ मीटरच्या आसपास. त्यांचं आयुष्य आता सरत आलंय. जुनी यंत्रं काढून त्याच जागेवर थोडी पण मोठी यंत्रं लावायची, या कामासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आणलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारलं.

आपल्या मालकाला हेच करायचं होतं. नव्या यंत्राचा मध्य जमिनीपासून १२० मीटरवर, पात्याचं टोक १९० मीटरपर्यंत. सड्यावर पूर्वीचा ५० मीटरचा एक मास्ट, म्हणजे वारा मोजायचा मनोरा होता, त्यावरचे वाऱ्याने फिरणारे कप वर्षानुवर्षं नोंदी देत होते. पण ५० मीटरवरून १९० मीटरचा अंदाज बांधणं बँकेला मान्य नव्हतं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेगात पाच टक्के चूक झाली की ऊर्जेत चौदा-पंधरा टक्क्यांची होते. कर्जाचे हप्ते याच आकड्यावर बसवायचे असतात.

आधी थोडं मोजणीच्या यंत्राबद्दल. वारा मोजणारा लायडार साधारण १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतो. ऑप्टिकल फायबरच्या टेलिफोन जाळ्यात चालतो तोच पट्टा, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. या प्रकाशाला डोळ्यातलं पाणी पुढेच शोषून घेतं, मागच्या पडद्यापर्यंत तो पोचत नाही, म्हणून उघड्यावर वापरायला सुरक्षित. लेसरचा स्पंद वर जातो, हवेतल्या कणांवर आदळून सगळीकडे विखुरतो आणि त्यातला नगण्य भाग मागे येतो. कण वाऱ्याबरोबर वाहत असतात, म्हणून परत आलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित सरकलेली असते. किरणाच्या दिशेने सेकंदाला एक मीटर वेग असेल, तर हा सरक सुमारे १३ लाख हर्ट्झ. मूळ प्रकाशाची वारंवारता १९३ टेराहर्ट्झ, म्हणजे पंधरा कोटींत एक भाग शोधायचा. त्यासाठी परतलेला प्रकाश मूळ लेसरच्याच थोड्या प्रकाशात मिसळून दोघांच्या फरकाचा ठोका ऐकतात. स्पंद २०० नॅनोसेकंदांचा असेल तर तो हवेचा सुमारे तीस मीटर जाडीचा थर एका वेळी पाहतो.

यातली गोम कण या शब्दात आहे. आकाश निळं करणारं विखुरणं हवेच्या रेणूंचं, रॅले यांनी मांडलेलं, आणि ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं. हिरव्या ५३२ नॅनोमीटर लेसरच्या तुलनेत १.५५ मायक्रोमीटरला रेणूंकडून येणारा परतावा सुमारे ७२ पट कमी. शिवाय रेणू स्वतःच्या उष्णतेने इतके वेगाने सैरावैरा धावत असतात, की त्यांच्याकडून आलेली वारंवारता पसरट होऊन वाऱ्याचा सरक त्यात बुडून जातो. थोडक्यात, हा लायडार हवा पाहतच नाही. धूळ, धूर, समुद्री मिठाचे कण, धुक्याचे थेंबुकले यांना तो पाहतो. हवेत हे नसतील तर तो आंधळा, आणि फारच झाले तरी आंधळा. पुढचं सगळं प्रकरण या दोन टोकांमध्ये घडलं.

समोर असलेले पर्याय

वरचा वारा कशाने मोजायचा, हा निर्णय फेब्रुवारीत घ्यायचा होता. मोसमी वारे जूनमध्ये सुरू होतात आणि या पट्ट्यातल्या वर्षाच्या विजेचा मोठा वाटा त्या चार महिन्यांत मिळतो. तो हंगाम हुकला तर वर्ष गेलं.

पहिला पर्याय १२० मीटरचा नवा मास्ट. सगळ्यात विश्वासाचा, बँकेच्या ओळखीचा. पण ताणाच्या तारांसाठी लांबवर जागा लागते, ती वेगवेगळ्या खातेदारांची, आणि जांभ्यात अँकर बसवणं वेळखाऊ. मेअखेरपर्यंत मनोरा उभा राहिला नाही तर पावसात तो उभारता येत नाही. सल्लागारांच्या मते तो वेळेत होण्याची शक्यता निम्मीही नव्हती.

दुसरा पर्याय सोडार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मोजणं. स्वस्त. पण जोराचा वारा आणि पाऊस स्वतःच इतका आवाज करतात, की मोसमात त्यावर भरवसा ठेवणं अवघड. हा लवकर बाद झाला.

तिसरा पर्याय भाड्याने लायडार, एकटाच. चौथा, लायडार जुन्या ५० मीटर मास्टला लागून ठेवायचा आणि दोन्ही एकत्र चालवायचे.

मालकाच्या संचालकांपैकी एकाने उपग्रहाचंही विचारलं. प्रश्न अगदी अस्थानी नव्हता. युरोपच्या एओलस या उपग्रहाने २०१८ ते २०२३ दरम्यान लेसरनेच वारा मोजला, आणि तोही ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने, कारण वरच्या स्वच्छ हवेत कण विरळ आणि तिथे रेणूंचाच आधार घ्यावा लागतो. पण तो दहा-दहा कोसांचा वारा एका सरासरीत घेणारा, हवामान अंदाजासाठीचा. एका सड्याच्या कामाचा नाही.

मालकाचा कल तिसऱ्या पर्यायाकडे होता, आणि लायडार कड्यावर ठेवावा असा आग्रह होता, कारण नवी यंत्रं तिथेच लागणार. सल्लागार चौथ्या पर्यायावर अडून बसले. हा पहिला खरा निर्णय.

कड्यावर की आत?

लायडार एका बिंदूवरचा वारा मोजत नाही. तो चार दिशांना, उभ्या रेषेपासून साधारण २८ अंश कललेले किरण सोडतो आणि पाचवा सरळ वर. १२० मीटर उंचीवर समोरासमोरच्या दोन किरणांमध्ये सुमारे १२८ मीटरचं अंतर पडतं. या सगळ्या रुंदीत वारा एकसारखा आहे असं धरून तो आडवा वेग काढतो. सपाट माळावर हे चालतं. कड्यावर वारा खालून चढत येतो आणि माथ्यावर आला की पुन्हा आडवा होऊ लागतो. त्यामुळे पश्चिमेच्या किरणाला वर चढणारा वारा दिसतो आणि पूर्वेच्या किरणाला कमी चढणारा. यंत्र हा फरक आडव्या वेगातच मोजून टाकतं.

किती फरक पडतो? वाऱ्याच्या दिशेने उभा वेग शंभर मीटरला सेकंदाला ०.३ मीटरने कमी होत असेल, तर १२० मीटर उंचीवर आडवा वेग सुमारे ०.३६ मीटरने कमी दिसतो. आठ मीटरच्या वाऱ्यात ही साडेचार टक्क्यांची चूक. किरण आणखी उभे केले तर चूक कमी होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे आणि मालकाच्या अभियंत्याने तेच सुचवलं. तसं होत नाही. शंकू अरुंद केला की दोन किरणांतला उभ्या वाऱ्याचा फरक कमी होतो, पण आडवा वेग काढताना त्याचं वजन तितकंच वाढतं. चूक उंची आणि त्या उताराच्या गुणाकाराएवढी राहते, कोन काहीही असो. मला हा मुद्दा अहवालातला सगळ्यात चोख वाटला, कारण त्याने एक सोपी पळवाट आधीच बंद केली. आंतरराष्ट्रीय मानकानेही, आयईसी ६१४००-१२-१ च्या २०१७ च्या आवृत्तीत, जमिनीवरच्या लायडारला मान्यता दिली ती सोप्या, सपाट भूभागापुरतीच.

शेवटी लायडार कड्यापासून बराच आत, मास्टशेजारी ठेवायचं ठरलं, आणि जुन्या यंत्रांच्या रांगेच्या पश्चिमेला, म्हणजे मोसमात त्यांच्या पात्यांनी घुसळलेली हवा लायडारवर येऊ नये. हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की ती येणारच होती. त्या दिशेच्या नोंदी वेगळ्या काढायच्या, असं तेव्हाच लिहून ठेवलं गेलं. कड्यावरच्या वाऱ्यासाठी सीएफडीवर, म्हणजे वाऱ्याचा प्रवाह संगणकावर काढणाऱ्या गणितावर विसंबायचं, हा या निवडीचा खर्च.

गावाशी बोलणी ही छोटी पण टाळता न येणारी बाब होती. पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो हा समज या भागात जुना आहे. त्यात आता आभाळात लेसर मारणारी पेटी. ग्रामपंचायतीत एका वयस्कर शेतकऱ्याने सरळ विचारलं, "साहेब, उजेड तर कुठं दिसत नाही, मग हे मोजतंय कशानं?" टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो, तसा हाही दाखवता येईल असं एका कनिष्ठ अभियंत्याला वाटलं होतं. पण मोबाइलचा सेन्सर सिलिकॉनचा, त्याची दृष्टी १.१ मायक्रोमीटरला संपते. तो प्रयोग फसल्यावर लोक हसले आणि ताण सैल झाला. मग पेटीची सरासरी शक्ती वॉटच्याही काही अंशाएवढीच असते, हे सांगितल्यावर विषय राखणदार कोण नेमायचा, इकडे वळला.

अडचण कशी उभी राहिली

मार्चअखेर लायडार सुरू झाला. एप्रिल-मे उत्तम गेले. डोंगरउतारावर राब भाजणीचा धूर, पूर्वेकडून येणारी धूळ, दुपारी तापलेल्या जमिनीमुळे वरपर्यंत मिसळलेली हवा. कणांची रेलचेल. ५० मीटरवर लायडार आणि मास्ट यांचे दहा-दहा मिनिटांचे सरासरी वेग छान जुळले. मालक खूश, बँक खूश.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून छिद्रं पडू लागली. जुलैत १२० मीटरवरच्या नोंदींपैकी निम्म्याही टिकल्या नाहीत, १८० मीटरवर त्याहून कमी. यंत्र प्रत्येक नोंदीबरोबर सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण, सीएनआर, देतं. ते साधारण उणे २२-२३ डेसिबलच्या खाली गेलं की कारखान्यातून आलेली चाळणी ती नोंद फेकून देते. मालकाच्या कार्यालयातून फोन आला: चाळणी सैल करा, उणे २६ ठेवा, नोंदी भरतील.

सल्लागार गटातल्या, नोंदी पाहणाऱ्या अभियंता बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी आधी विचारलं, सिग्नल गेला कुठे? हा या प्रकरणातला मधला आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा टप्पा.

धुकं, ही पहिली शंका. पण धुक्याचा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. धुक्याचे थेंबुकले प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे, काही मायक्रोमीटरपासून वीस-तीसपर्यंत. असे थेंब दृश्य आणि अवरक्त प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. अवरक्त प्रकाश धुकं भेदतो, हे धुरकट हवेबद्दल काही प्रमाणात खरं आहे; दाट धुक्याबद्दल नाही. आता आकडे पाहा. दृश्यता एक किलोमीटर असेल, तर १२० मीटर उंचीपर्यंत कललेल्या किरणाने जाऊन परत येताना सुमारे ३५ टक्के प्रकाश टिकतो. ३०० मीटर दृश्यतेला तीन टक्के. १०० मीटरला लाखात दोन-तीन भाग. पण त्याच वेळी प्रत्येक थर मागे फेकत असलेला प्रकाश स्वच्छ हवेच्या कित्येक शेकडा पट असतो. म्हणून विरळ धुक्यात सिग्नल उलट वाढतो. ३०० मीटर दृश्यतेलाही १२० मीटरवरची नोंद चांगली येऊ शकते. मग शंभर मीटरच्या आसपास एकदम कोसळते. पसरणीच्या घाटात धुक्यात गाडीचा दिवा फुल केल्यावर समोर पांढरी भिंत उजळते आणि रस्ता गायब होतो, तसंच.

म्हणजे अमुक दिवशी धुकं होतं एवढं पुरेसं नव्हतं. दृश्यता किती, ते हवं होतं, आणि दृश्यता मोजणारं उपकरण सड्यावर नव्हतं.

इथे राखणदार मामा कामाला आले. खोपटासमोर एका ओळीत विजेचा खांब, मग बंद पडलेल्या यंत्राचा मनोरा, मग पूर्वेकडची चालू यंत्रं. जीपीएसने प्रत्येकाचं अंतर काढलं. खांब शंभर मीटरच्या आत, शेवटचं यंत्र किलोमीटरच्या पलीकडे. मामांनी दर तीन तासांनी वहीत एवढंच लिहायचं: शेवटचं काय दिसतंय. ओळखीच्या अंतरावरच्या खुणा पाहून दृश्यता ठरवणं ही वेधशाळांची जुनीच पद्धत आहे. मामांची वही मात्र खास. "सकाळी ढग सड्यावर बसलेला, खांब बी न्हाई." "दुपारी उघडीप, चौथं चक्र दिसलं." रात्रीच्या नोंदी यंत्रांवरच्या लाल दिव्यांवरून.

वही आणि सीएनआर समोरासमोर ठेवल्यावर गमतीदार गोष्ट दिसली. गळालेल्या नोंदी एका जातीच्या नव्हत्या, तीन जातींच्या होत्या.

पहिली, खांबही न दिसणारी दाट धुक्याची. सगळ्यात खालच्या थरात सिग्नल प्रचंड, आणि उंचीबरोबर तो कड्यासारखा कोसळतो.

दुसरी, मोठ्या पावसानंतरच्या उघडिपीची. दूरचं यंत्र स्वच्छ दिसतंय, आणि लायडार मात्र सगळ्याच उंचींवर क्षीण. पावसाने हवा धुऊन काढली, कण उरलेच नाहीत.

तिसरी फसवी. सरींच्या वेळी सगळ्या उंचींवर सिग्नल एकदम, सारखाच खाली. कारण काचेवरचं पाणी. जे पाणी डोळा वाचवतं तेच इथे आड येतं: एक मिलिमीटरचा थर जाता-येता मिळून बहुतेक प्रकाश गिळतो. तपासल्यावर काचेवरच्या वायपरची रबरपट्टी झिजलेली निघाली. ती बदलली आणि तिसऱ्या जातीच्या नोंदी बऱ्याच अंशी परत आल्या.

पावसाचा आणखी एक परिणाम होता, पण तो ओळखायला सोपा. मोठे थेंब सेकंदाला सहा-आठ मीटरने खाली येतात आणि लायडार त्यांनाच कण समजतो, त्यामुळे उभा वेग खोटा येतो. आडव्या वेगात मात्र समोरासमोरच्या किरणांत ही घसरण वजा होते आणि थेंब वाऱ्याबरोबरच वाहत असतात, म्हणून आडवा वेग फारसा बिघडत नाही. उभ्या वेगाच्या मोसमी नोंदी सरळ बाजूला ठेवल्या गेल्या.

चाळणी सैल करायची का?

आता मालकाच्या मागणीचं उत्तर देता येत होतं. धुतलेल्या हवेत चाळणी थोडी सैल केली तर चालेल, कारण तिथे सिग्नल क्षीण असला तरी खरा आहे. तशी ती उणे २४ पर्यंत केली, आणि ५० मीटरवर मास्टशी ताडून पाहिली. दाट धुक्यात मात्र चाळणी सैल करणं म्हणजे गोंगाटाला वारा म्हणणं. तिथे उलट जास्त कडक व्हावं लागलं, कारण एक वेगळीच चूक सापडली.

ढगाचा तळ १३०-१४० मीटरवर आला की १२० मीटरच्या थरात ढगाची कड येते. लायडारचा थर तीस मीटर जाड, आणि त्यातल्या जास्त चमकणाऱ्या भागाचं वजन जास्त. ढगाची कड स्वच्छ हवेच्या शेकडो पट चमकते. म्हणजे १२० मीटरच्या नावावर नोंदला गेलेला वेग प्रत्यक्षात १३०-१३५ चा, आणि वर वारा जास्त असल्याने तो फुगलेला. या नोंदी चाळणीतून दिमाखात पास होत होत्या. सिग्नल उत्तम, आकडा चुकीचा. सीएनआरची फक्त खालची मर्यादा पाहणाऱ्या कोणालाही त्या दिसल्या नसत्या. बाईंनी लागून असलेल्या दोन उंचींमधल्या सीएनआरच्या उडीवर मर्यादा घातली आणि त्या नोंदी काढल्या. नोंदींची संख्या आणखी घटली. मालकाकडून आलेलं पत्र मी पाहिलंय. ते गोड नव्हतं.

हिवाळ्यातली दुसरी गळती

ऑक्टोबरनंतर सगळ्यांना वाटलं सुटलो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या नोंदी गळू लागल्या, लख्ख चांदण्यात. कारण सड्याच्या उंचीत आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते. शेकोट्या, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, रस्त्यांची धूळ, सगळं खाली कृष्णेच्या आणि उरमोडीच्या खोऱ्यांत साचतं. सकाळी सड्यावरून खाली पाहिलं तर धुराचा थर दिसतोच. सडा त्या थराच्या वर, स्वच्छ हवेत. लेसरला विखुरायला काही नाही. दुपारी ऊन तापून हवा वर मिसळली की सिग्नल परत.

भोकं कशी भरायची?

इथे तीन मतं होती.

मालकाचं: उरलेल्या नोंदींची सरासरी घ्या, नोंदी भरपूर आहेत.

सल्लागार गटाच्या प्रमुखांचं: भोकं योगायोगाने पडलेली नाहीत. मोसमाचा जोर वाढतो तेव्हाच ढग खाली येऊन सड्यावर बसतो, म्हणजे गळालेल्या वेळा जास्त वाऱ्याच्या. हिवाळ्यात गळालेल्या वेळा रात्रीच्या, जेव्हा खाली वारा मंद आणि वर जोराचा असतो. दोन्हीकडे सरळ सरासरी घेतली तर वरचा वारा कमी दिसेल. म्हणून ५० मीटरच्या मास्टवरून, दिशा आणि हवामानाचा प्रकार पाहून भोकं भरावीत.

तिसरं मत बँकेतल्या एका अधिकाऱ्याचं, आणि ऐकायला शहाणपणाचं: चूक कमी दाखवण्याच्या बाजूची आहे ना, मग राहू द्या. कर्जाला ते सुरक्षितच.

मी या तिसऱ्या मताच्या विरोधात लिहिलं. वीज कमी धरणं सुरक्षित असेल, पण त्याच नोंदींतून वारा उंचीनुसार किती वाढतो, हेही काढायचं असतं. रात्रीच्या नोंदी गळाल्या की ही वाढ खोटी सौम्य दिसते. एकशेचाळीस मीटर व्यासाच्या चक्राच्या वरच्या आणि खालच्या पात्यावर वेगवेगळा जोर येतो, त्यावर यंत्राचा प्रकार निवडतात. तिथे कमी धरणं म्हणजे पाती आणि बेअरिंग यांच्याशी खेळ. एकाच गळतीचा परिणाम एका आकड्यासाठी सुरक्षित आणि दुसऱ्यासाठी धोक्याचा, हे त्या बैठकीत मान्य व्हायला वेळ लागला.

भरणी अशी ठरली. दाट धुक्याच्या वेळांसाठी, त्याच दिशेचा आणि तेवढ्याच जोराचा वारा असलेल्या, पण धुकं नसलेल्या मोसमी तासांमधून ५० ते १२० मीटरचं गुणोत्तर घेतलं. ढगाळ, जोराच्या वाऱ्यात हवा सारखी घुसळलेली असते, म्हणून हे गुणोत्तर फार हलत नाही. हिवाळी रात्रींसाठी हे चाललं नसतं. तिथे जिथपर्यंत सिग्नल पोचला, म्हणजे ८० मीटर, तिथपर्यंतची रात्रीचीच वाढ वापरली आणि वरच्या उंचींना मोठी अनिश्चितता लावली. दिवसाचं गुणोत्तर रात्रीला लावायचं नाही, हे ठळक लिहिलं.

निकाल

वर्ष पुरं झाल्यावर अहवालात एक आकडा न देता तीन रकाने दिले: प्रत्यक्ष मोजलेलं, भरणी करून, आणि भूभागाची दुरुस्ती करून. अपेक्षेप्रमाणे मोसमी सरासरी भरणीनंतर वर गेली. हिवाळ्यात सरासरी वेगापेक्षा उंचीनुसार वाढीचा आकडा जास्त बदलला, आणि त्यामुळे मालकाने आधी मनात धरलेलं यंत्र मागे पडून अधिक जोर सोसणारा प्रकार निवडला गेला.

बँकेने कर्ज नाकारलं नाही, पण रकमेचा पहिला हप्ता द्यायचं अडवलं. अट अशी, की कड्याजवळ पावसाळ्यानंतर पूर्ण उंचीचा एक मास्ट उभा करावा, कारण तिथला आकडा फक्त सीएफडीवर उभा होता. मालकाने तो उभारला. त्याच्या सुरुवातीच्या महिन्यांच्या नोंदी दुरुस्त केलेल्या आकड्यांच्या जवळ आल्या, मात्र कड्याच्या अगदी तोंडावरच्या एका जागी उसळणारा वारा गणिताहून जास्त निघाला. तिथे लागणारं नवं यंत्र आत सरकवलं.

वेगळं काय करता आलं असतं?

दृश्यता मापक आणि ढगाचा तळ मोजणारा छोटा लायडार, सिलोमीटर, पहिल्या दिवसापासून हवे होते. मामांची वही उपयोगी पडली, पण वही सुरू होण्याआधी गळालेल्या नोंदींची जात आता कधीच कळणार नाही.

एप्रिल-मेच्या उत्तम जुळणीवर सगळ्यांनी जरा जास्तच विसंबून घेतलं, असं माझं मत. त्या महिन्यांत हवेत कण भरपूर होते. ती परीक्षा सोपी होती. यंत्राची खरी तपासणी मोसमातल्या उघडिपीत आणि थंडीच्या रात्री करायला हवी, आणि त्यासाठी मास्ट शेजारी असणं आवश्यक. एकटा लायडार ठेवण्याचा मूळ बेत झाला असता, तर भोकं भरायला हातात काहीच राहिलं नसतं. मास्टशेजारी ठेवण्याचा निर्णय फेब्रुवारीत घेतला गेला तो कड्यावरच्या चुकीच्या भीतीने. कामाला आला तो जुलैत, अगदी दुसऱ्याच कारणासाठी.

वीजपुरवठ्याचा विचार तोकडा होता. सौर पॅनेल जुलैच्या ढगात मान टाकतात, हे सड्यावरच्या कोणालाही ठाऊक होतं. जुन्या उपकेंद्रातून ओढलेली जोडणी आणि मोठी बॅटरी आधीच लावली असती तर काही सलग मोठी भोकं टळली असती. वानरांपासून काच वाचवणारं कुंपण दोनदा बदलावं लागलं, ते वेगळंच.

भाडेकरारात एक ओळ होती: नोंदींची उपलब्धता वर्षाला इतके टक्के. ही ओळ एप्रिल-मेच्या भरपूर नोंदींवर सहज पूर्ण झाली आणि जुलैच्या दुष्काळात काहीच बोलली नाही. पुढच्या कामात सल्लागारांनी ती बदलून घेतली. आता टक्केवारी महिनावार, १२० आणि १८० मीटरसाठी वेगवेगळी, दिवस-रात्र वेगळी मोजायची. नोंद गळाली तर तिच्यासमोर कारणाचा रकाना, धुकं, धुतलेली हवा, ओली काच की वीज. आणि मोसमात वायपरची पट्टी दर पंधरा दिवसांनी तपासणं भाड्याने देणाऱ्याच्या अंगावर.